वरिष्ठाचा जाच आणि आपले काम

नोकरी म्हटली की वरिष्ठ आलाच. पूर्वी नोकरी ही शहरातली गोष्ट, अशी खेड्यापाड्यांतल्या माणसांची समजूत होती. आता तसे राहिलेले नाही. गावात शाळा आहे, अंगणवाडी आहे, आरोग्य उपकेंद्र आहे, विकास सोसायटी आहे, दूध डेअरी आहे. पंचक्रोशीत कुठे साखर कारखाना आहे. या प्रत्येक ठिकाणी कुणी हाताखाली काम करतो आणि कुणी त्याच्यावर देखरेख ठेवतो. शिक्षकांवर मुख्याध्यापक, मुख्याध्यापकांवर केंद्रप्रमुख, अंगणवाडीताईंवर पर्यवेक्षिका, कारखान्यातल्या कामगारावर मुकादम किंवा खातेप्रमुख. अशी ही उतरंड असते. उतरंडीतले वरचे मडके जड झाले की खालच्याला तडा जातो, हे आमच्या मायबहिणींना वेगळे सांगायला नको.

तर आजचा विषय तोच आहे. वरचा माणूस अरेराव निघाला, उठताबसता खेकसू लागला, चारचौघांत पाणउतारा करू लागला, तर हाताखालच्याने काय करावे?

आपल्याकडे याची दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर असे की, नोकरी आहे, पोटाचा प्रश्न आहे, तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसावा. दुसरे उत्तर असे की, एके दिवशी डोके फिरले म्हणजे भर कचेरीत काय बोलायचे ते बोलून मोकळे व्हावे. पहिल्या उत्तराने माणूस आतल्या आत कुढत राहतो, त्याची झोप जाते, कामातले लक्ष जाते. दुसऱ्या उत्तराने दोन घटका बरे वाटते खरे. पण दुसऱ्या दिवशी कागदावर एवढेच उरते की, अमक्या कर्मचाऱ्याने वरिष्ठाशी उद्धट वर्तन केले. वर्षभर ज्याची चूक होती तो नामानिराळा राहतो आणि ज्याने सोसले तोच दोषी ठरतो.

या दोहोंच्या मधली एक वाट आहे. ती जरा लांबची आहे, पण पाय न भाजता जाता येईल अशी आहे. तिची तीन पावले आहेत. तोंडी असलेली गोष्ट लेखी करायची, हे पहिले. माणसावरून चाललेले भांडण कामावर आणायचे, हे दुसरे. आणि एकट्याने सोसलेले गाऱ्हाणे चौघांचे करायचे, हे तिसरे.

कडक कोण आणि अरेराव कोण?

पण त्याआधी एक पारख करून घेतली पाहिजे. प्रत्येक कडक वरिष्ठ हा जाच करणारा नसतो. शाळेची घंटा झाल्यावर पाच मिनिटांनी आलात तर विचारणारे मुख्याध्यापक, हिशेबात दोन रुपयांचा फरक पडला तरी वही परत देणारे सोसायटीचे सचिव, ही माणसे त्या वेळी बोचतात. पण पुढे दहा वर्षांनी आपण त्यांचेच नाव घेतो. तेव्हा आपल्याला बोलले म्हणजे जाच झाला, असे समजू नये.

मग ओळखायचे कसे? चार प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. जो नियम ते आपल्याला लावतात तो स्वतःला लावतात का? रागावतात ते कामावर की आपल्या जातीवर, रूपावर, घरादारावर? सर्वांना सारखे रागावतात की एखाद्याला हेरून त्याच्याच मागे लागतात? आणि चूक सुधारल्यावर राग निवतो की मागचे उकरून काढणे चालूच राहते? चारही उत्तरे सरळ आली तर तुमचे साहेब कडक आहेत एवढेच. त्यांच्याकडून शिकून घ्या. उत्तरे उलटी आली तर मात्र पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

धाकाने काम होते का?

काही जण म्हणतील, "अहो, धाक नसेल तर कोण काम करील? सरळ बोटाने तूप निघत नाही." हे म्हणणे अगदीच खोटे नाही, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

या प्रश्नावर फार पूर्वी एक प्रयोग झालेला आहे, आणि तो मुलांवरच झालेला असल्यामुळे शिक्षकांनी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेतील आयोवा येथे कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या तीन अभ्यासकांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची लहान लहान मंडळे केली. त्याचा वृत्तांत १९३९ साली प्रसिद्ध झाला. मुखवटे तयार करणे आणि असेच हस्तकौशल्याचे उद्योग मुलांना दिलेले होते. काही मंडळांचा पुढारी सगळे हुकूम स्वतः सोडी. पुढे काय करायचे तेही मुलांना सांगत नसे. काहींचा पुढारी मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी. काहींचा नुसता बसून राही. पुढे पुढाऱ्यांची पद्धत बदलून पाहिली, म्हणजे तीच मुले निरनिराळ्या कारभाराखाली आली.

काय दिसले? हुकूम सोडणारा पुढारी समोर होता तोपर्यंत मुले खाली मान घालून काम करीत. तो खोलीबाहेर गेला की काम थंडावे. विचारविनिमय करणारा पुढारी बाहेर गेला तरी मुलांचे काम जवळजवळ तसेच चालू राही. आणि आणखी एक गोष्ट दिसली. हुकमाखालच्या मुलांपैकी काही अगदी मुकी झाली, तर काही आपसांत भांडू लागली. पुढाऱ्यावर राग काढता येईना, म्हणून सगळी मिळून आपल्यातल्याच एखाद्याच्या मागे लागली.

वड्याचे तेल वांग्यावर, असे आपण म्हणतो ते हेच. गटशिक्षणाधिकारी मुख्याध्यापकांना बोलतात, मुख्याध्यापक शिक्षकाला बोलतात, शिक्षक वर्गात येऊन तिसरीतल्या पोराच्या पाठीत धपाटा घालतो, आणि ते पोर घरी जाऊन धाकट्या बहिणीला ढकलते. शेवटचा फटका ज्याला बसतो त्याचा यात काडीचाही संबंध नसतो. तेव्हा वरिष्ठाचा जाच थांबवणे ही आपल्या मानापमानाची बाब आहेच. पण तो जाच झिरपत झिरपत ज्या लहान जिवांपर्यंत पोचतो, त्यांच्यासाठीही ती करायची गोष्ट आहे.

ते असे का वागतात?

वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. तसे आपणही पाहावे. अरेराव माणूस पुष्कळदा घाबरलेला असतो. मुख्याध्यापकांचेच पाहा. पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिजला, याचा हिशेब त्यांच्या सहीने जातो. विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर अमुक तारखेच्या आत भरा, म्हणून वरून तगादा असतो. छप्पर गळते, निधी येत नाही, आणि तपासणीला कुणी आले की पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात. असा माणूस घायकुतीला येतो आणि ओरडण्याने काम लवकर होते असा त्याचा ग्रह होतो. दुसरा प्रकार, ज्याला ते काम नीट येत नाही आणि ते उघडे पडेल अशी धास्ती वाटते, त्याचा. तिसरा प्रकार मात्र असा असतो की, दुसऱ्याला दाबण्यातच त्याला थोरवी वाटते.

पहिल्या दोन प्रकारांतल्या माणसाला मदत केली तर तो बदलू शकतो. तिसऱ्याला नियमाचीच वेसण लागते. आपला वरिष्ठ कुठल्या प्रकारचा आहे हे पुढची पावले टाकता टाकताच कळते.

पहिले पाऊल : तोंडी ते लेखी

समजा, सात शिक्षकांची एक शाळा आहे. तिथल्या एका बाईंकडे तिसरीचा वर्ग आहे. सोमवारी मुख्याध्यापक म्हणतात, "बाई, वर्ग राहू द्या, आधी ती माहिती भरून द्या." बाई कार्यालयात बसून माहिती भरतात. मंगळवारी तेच मुख्याध्यापक मुलांदेखत म्हणतात, "काय हो बाई, काल वर्ग उघडा टाकून कुठे होता? तुम्हाला काही जमतं का?" आता बाईंनी काय करावे? हुकूम तोंडी, तेव्हा पुरावा काही नाही. अरेरावीचे सगळे बळ या तोंडीपणात असते. सकाळी एक सांगावे, संध्याकाळी दुसरे, आणि दोन्ही वेळा चूक समोरच्याचीच.

यावर उपाय साधा आहे. पुढच्या वेळी अशी सूचना मिळताच बाईंनी चार ओळी लिहून द्याव्यात: "मा. मुख्याध्यापक यांस सविनय सादर. आज सकाळी आपण दिलेल्या तोंडी सूचनेप्रमाणे मी दुपारच्या दोन तासिकांत विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम करीत आहे. त्या वेळात इयत्ता तिसरीचा वर्ग कोणी घ्यावा, याबद्दल कृपया सूचना व्हावी." खाली सही, तारीख, वेळ. याची एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी किंवा आवक नोंदवहीत नोंद करून घ्यावी.

या चिठ्ठीत राग नाही, तक्रार नाही, टोमणा नाही. हुकूम पाळलेला आहे. फक्त हुकूम काय होता ते लिहिले आहे, आणि त्यातून निर्माण होणारी अडचण ज्यांची ती सोडवण्याची जबाबदारी आहे त्यांच्यापुढे ठेवली आहे. अशा चार चिठ्ठ्या गेल्या की पाचव्या वेळी सांगणारा माणूस आपोआप विचार करून सांगतो.

कुणी म्हणेल, हा तर आगाऊपणा झाला. मुळीच नाही. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली जे वर्तणूक नियम झाले, त्यांत स्पष्टच म्हटले आहे की वरिष्ठाची आज्ञा सामान्यतः लेखी असावी. तोंडी द्यावी लागली तर ती मागाहून लेखी कायम करावी. आणि हाताखालच्याने तशी लेखी पुष्टी मागून घ्यावी. म्हणजे लेखी मागणे हा उद्धटपणा नसून शिस्तीचा भाग आहे. राज्य सरकारच्या नोकरांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत, जिल्हा परिषदेच्या नोकरांना १९६७ चे. आपल्याला कोणते नियम लागू आहेत त्यांची प्रत मिळवून एकदा शांतपणे वाचावी. नोकरीत पंचवीस वर्षे काढलेल्या पुष्कळ माणसांनी ती कधी उघडलेली नसते.

आजकाल पुष्कळसे हुकूम भ्रमणध्वनीवर, व्हॉट्सॲपच्या गटात येतात. रात्री दहालाही येतात. त्याने त्रास होतो हे खरे, पण त्यात एक सोय आहे: ते हुकूम लेखी असतात. ते पुसू नका. तोंडी सूचना आली तर त्याच गटात किंवा साहेबांच्या क्रमांकावर दोन ओळी टाका: "सर, आपल्या सूचनेप्रमाणे अमुक काम सुरू केले आहे." तेवढी नोंद पुरे.

आणि घरी एक वही ठेवा. तारीख, वेळ, ठिकाण, काय बोलणे झाले, कोण हजर होते, एवढेच लिहा. "साहेब फार दुष्ट आहेत" असे लिहू नका. "४ तारखेला सकाळी साडेदहा वाजता, चौथीच्या वर्गासमोर, अमुक शब्द वापरले" असे लिहा. या वहीचा आणखी एक उपयोग आहे. महिनाभराने ती वाचली म्हणजे आपल्यालाच कळते की जाच खरोखर रोजचा आहे, की दोनच प्रसंग मनाला लागून राहिले आहेत.

दुसरे पाऊल : माणसावरून कामावर

लेखी नोंदी झाल्या म्हणजे बोलणे टाळावे असे नाही. उलट आता बोलायला आधार मिळाला. मात्र बोलावे कसे?

चारचौघांत बोलू नये. ज्याने आपला चारचौघांत अपमान केला त्याला तिथेच उत्तर दिले तर तो माघार घेऊ शकत नाही. त्याचीही लाज तिथे पणाला लागलेली असते. त्या वेळी एवढेच म्हणावे, "सर, याबद्दल मी आपल्याला नंतर भेटते." आणि वर्ग पुढे चालू करावा. मग दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, राग निवलेला असताना वेळ मागून भेटावे.

बोलण्यात तीन गोष्टी असाव्यात: काय घडले, त्याने कामाचे काय बिघडले, आणि पुढे कसे करता येईल. त्या बाईंनी असे म्हणावे, "सर, मंगळवारी आपण मुलांसमोर मला बोललात. त्यानंतर मुलं माझं ऐकेनात, दोन तास वाया गेले. माझं चुकलं असेल तर आपण मला कार्यालयात बोलवून सांगा, मी सुधारीन. आणि माहितीचं काम मी बुधवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला करते, म्हणजे तारखेच्या आत होईल आणि वर्गही बुडणार नाही. चालेल का?"

यात "तुम्ही नेहमीच असं करता", "तुमचा स्वभावच तसा", हे शब्द नाहीत. स्वभावावर बोट ठेवले की माणूस स्वभावाचे समर्थन करू लागतो. कामावर बोट ठेवले की कामाचे बोलणे होते. शिवाय बाई नुसते गाऱ्हाणे घेऊन गेल्या नाहीत, बरोबर तोडगा घेऊन गेल्या. घाबरलेल्या वरिष्ठाला याचा मोठा आधार वाटतो. पुष्कळ ठिकाणी प्रकरण इथेच मिटते. ते कुणाच्या कानावरही येत नाही.

दुसरी एक गोष्ट. आपले काम चोख असले पाहिजे. टाचणवही लिहिलेली, हजेरी भरलेली, वेळेवर येणे-जाणे. आपली बाजू खरी असूनही जर दप्तर अपुरे असेल, तर चौकशीच्या दिवशी चर्चा जाचाची होत नाही, दप्तराची होते.

आणि सरळ, कायदेशीर हुकूम रागापोटी नाकारू नये. आधी काम करावे, मग हरकत लेखी नोंदवावी. हुकूमच बेकायदा असेल, जसे की खोट्या हिशेबावर सही कर, तर मात्र नम्रपणे, पण लेखी नकार द्यावा. तिथे भिडेला बळी पडू नये. कारण सही आपली असते आणि उद्या उत्तरही आपल्यालाच द्यावे लागते.

तिसरे पाऊल : एकट्याचे ते चौघांचे

अरेराव माणूस एकेकाला वेगळे पाडतो. आज ह्याची पाळी, उद्या त्याची. आणि ज्याची पाळी नसते तो मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतो. म्हणून आधी सहकाऱ्यांशी बोलावे. कुजबूज करायची नाही, कट करायचा नाही. सर्वांची मिळून अडचण कोणती, तेवढी ठरवायची आणि शिक्षकांच्या मासिक सभेत विषय म्हणून मांडायची. "माहिती भरण्याचे काम कोणी, कोणत्या तासाला करावे" हा विषय इतिवृत्तात लिहिला गेला, की तो बाईंचा आणि मुख्याध्यापकांचा तंटा राहत नाही. शाळेची व्यवस्था होते.

याचा एक मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी मुकादमाचे राज्य असे. कामावर घ्यायचे तो, काढायचे तो. कामगार त्याला दस्तुरी देत, नाहीतर घरी बसत. आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. अशा काळात नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ते स्वतः गिरणीत भांडारपाल होते, म्हणजे आतले सगळे पाहिलेले होते. पुढे त्यांनी 'दीनबंधु' पत्र चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले.

त्या निवेदनात काय होते ते पाहा. मालक निर्दय आहेत, मुकादम राक्षस आहेत, अशा वर्णनावर भर नव्हता. रविवारची सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत मिळावा, कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार चालू राहावा. प्रत्येक मागणी मोजून घेता येण्याजोगी होती. १८९० च्या २४ एप्रिलला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली; तिथे दोन स्त्रियाही बोलल्या. आणि १८९० च्या १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. मधे सहा वर्षे गेली. कागद, नेमके काम आणि चौघांचा मेळ, ही तिन्ही पावले तिथे दिसतात. आणि धीरही दिसतो.

तरीही थांबले नाही तर

सगळे करूनही जाच थांबत नसेल, तर वरची दारे ठोठवावीत. पण पायरी सोडून उडी मारू नये. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी आणि शेवटी मुख्य कार्यकारी अधिकारी, असे जावे. अर्ज एक-दोन पानांचा असावा. प्रसंग तारीखवार, जोडपत्रे क्रमवार. अर्ज घेऊन पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. निनावी अर्ज मात्र कधी करू नये. त्याने काम होत नाही, आणि संशय नेमका दुबळ्यावर जातो. तसेच पहिल्याच दिवशी गावच्या पुढाऱ्याकडे धावू नये. त्याने भांडण मिटत नाही, त्याला गट मिळतात.

काही आधार माहीत असावेत, म्हणून सांगतो.

शिक्षकांना शाळाबाह्य कामांना कितपत जुंपता येते, याची मर्यादा २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुकीची कामे, एवढीच बिगरशैक्षणिक कामे त्यात सांगितली आहेत.

"तुझा गोपनीय अहवाल खराब करीन" ही धमकी पुष्कळांनी ऐकली असेल. २००८ साली देव दत्त यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी नोकराच्या वार्षिक अहवालातली प्रत्येक नोंद त्याला कळवली पाहिजे. २०१३ साली पुन्हा तेच कायम केले. म्हणजे नोंद मागता येते आणि तिच्यावर आपले म्हणणे मांडता येते.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. मोठी शिक्षा देण्यापूर्वी चौकशी समिती नेमावी लागते, आणि शिक्षकाच्या चौकशीत त्या समितीवर त्याने स्वतः सुचवलेला एक सदस्य असतो. सेवेतून काढले किंवा पदावनती केली, तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. हे तीस दिवस भीडभाड आणि मध्यस्थी यांत घालवू नयेत.

साखर कारखान्यात किंवा अन्य उद्योगात वीस किंवा अधिक कामगार असतील, तर गाऱ्हाणी ऐकणारी समिती असावी आणि तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे सदस्य समसमान असावेत, अशी तरतूद २०१० साली कायद्यात आली; २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. आपल्या कारखान्यात ती समिती आहे का, हे विचारावे.

काही गोष्टी मात्र अशा आहेत की तिथे समजुतीने घेत बसू नये. स्त्रीला लैंगिक त्रास होत असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे, दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कचेरीत अंतर्गत समितीकडे आणि एरवी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ती साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी. ग्रामीण भागात तक्रार स्वीकारून पुढे पाठवण्यासाठी तालुक्याला अधिकारी नेमलेला असतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथे पोलिसांत जावे.

घर आणि मन

या सगळ्याला वेळ लागतो, आणि तोपर्यंत माणसाने स्वतःला सांभाळावे लागते. कचेरीतला राग उंबऱ्याबाहेर ठेवावा, असे सांगणे सोपे आहे. तो ठेवता यावा म्हणून घरी एका माणसाला तरी सगळे सांगितलेले असावे. मुकाट्याने सोसणाऱ्याच्या घरात त्याच्या चिडचिडीचे कारण कुणालाच ठाऊक नसते. झोप लागेनाशी झाली, जेवण जाईनासे झाले, जिवाचे बरेवाईट करावे असे विचार येऊ लागले, तर आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. तिथे आपल्या भाषेत बोलता येते. यात कमीपणा काही नाही. आणि कधी कधी बदली मागून घेणे हाच शहाणपणा असतो. त्याला पळपुटेपणा म्हणू नये.

आपली खुर्ची

शेवटी एक गोष्ट, जी सांगायला थोडी कठीण आहे. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. आज जो हाताखाली आहे तो उद्या मुख्याध्यापक होतो, सचिव होतो, मुकादम होतो; आणि आपण जे सोसले तेच पुढच्याला द्यायचे, ही जुनी रीत चालू राहते. "आम्ही नाही का सोसलं?" हे वाक्य ज्याच्या तोंडी आले, त्याने समजावे की सासूचे दिवस सुरू झाले.

शिक्षकांना तर बढतीची वाट पाहावी लागत नाही. वर्गात ते आजच वरिष्ठ आहेत. मघाच्या चार प्रश्नांपैकी प्रत्येक प्रश्न तिसरीतले मूल आपल्या गुरुजींविषयी, आपल्या बाईंविषयी विचारू शकते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली आहे, ती याच जाणिवेने. त्या मुलाला ना वही ठेवता येते, ना अर्ज करता येतो, ना शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येते. वरून आलेला ओरडा त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा की आपल्यापाशी अडवायचा, एवढे मात्र आपल्या हातात आहे. साहेब बदलायला वर्ष लागेल. वर्गाच्या दारात क्षणभर थांबून, श्वास घेऊन, मग आत जाणे हे उद्या सकाळीच करता येईल.